विसळून टाकलेले निरोप

प्रिय आई,

फोनवर मी गप्प बसते आणि मेसेजवर "कामात आहे, नंतर बोलू" एवढंच लिहिते, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. म्हणून आज कागद घेतला. तू विचारलंस त्याला आता बरेच दिवस झाले. "पेटीवाले काका लग्नाचं विचारतायत. तू हो म्हणालीस तर मी हो म्हणेन. तुला नको असेल तर विषय संपला, मला काही वाटणार नाही," असं तू एका दमात बोललीस, कुठूनतरी वाचून दाखवल्यासारखं, आणि श्वास न घेता पुढे विचारलंस, "जेवलीस का?" मी त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तेव्हापासून पहिला प्रश्न आपल्या दोघींच्या मध्ये ठाण मांडून बसला आहे. मी नाही म्हणाले तर तू खरोखरच नाही म्हणशील, आणि पुन्हा कधी विषयही काढणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. त्याचंच दडपण येतं.

मी रागावलेली नाही. हे आधीच सांगते, कारण तू माझ्या अक्षरावरून काहीतरी ताडत बसशील. पण एकदम उत्तर लिहून टाकणं मला जमत नाही. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवली नाही तर अर्धेच गुण, हा तुझाच नियम. तेव्हा आधी रीत वाच.

इथलं माझं बरं चाललंय. म्हणजे खोली बरी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा पाइप दिसतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी राहतं. त्याची की तिची चप्पल माझ्या ओळखीची झाली आहे, माणूस नाही. मध्ये सलग दोन दिवस वरून आवाजच आला नाही तेव्हा मी बेचैन झाले. वर जाऊन दार वाजवावं असं वाटलं, पण दार उघडल्यावर सांगणार काय? तुमची चप्पल ऐकू आली नाही म्हणून आले? मग ती पुन्हा वाजायला लागली आणि मी भांडी घासायला घेतली. रविवारी माझं कुणाशीच बोलणं होत नाही. त्यामुळे सोमवारी पहिला शब्द घशात अडकतो. एकदा प्रयोगशाळेच्या मॅडमना "गुड मॉर्निंग" म्हणायला गेले तर तोंडातून नुसती हवा आली. आता खोलीतून निघण्याआधी मी साबणाच्या डब्यावरच्या सगळ्या सूचना मोठ्याने वाचून घेते. हसू नकोस, उपयोग होतो. अभ्यासिकेतले दिवेही असे आहेत की बराच वेळ हालचाल झाली नाही की आपोआप विझतात. मी वाचत बसले की अंधार होतो, मग हात वर करून हलवायचा की पुन्हा उजेड. शेजारी दुसरं कुणी बसलेलं असतं तर त्याच्या हालचालीवर माझंही भागलं असतं.

तू शेजारच्या काकूंना "आमची जंतू शिकते" असं सांगतेस, ते तसं चूक नाही. पण विषयाचं लांबलचक नाव ऐकून तू घाबरतेस, तेवढं घाबरण्यासारखं त्यात काही नाही. आपल्या टेबलावरचं ते बिजागरीचं यंत्र आठव. कवळीचा वरचा आणि खालचा साचा त्यात बसवून तू जबडा मिटवून बघायचीस. एखादा दात कितीही सुंदर झाला असला तरी तोंड नीट मिटलं नाही तर तू तो काढून टाकायचीस. "दात एकट्याने चावत नाही," असं पुटपुटत. सिस्टिम्स बायॉलॉजी म्हणजे तुझं ते जबडा मिटवून बघणं: पेशीतली एकेक गोष्ट सुटी न बघता सगळ्या एकमेकींवर कशा बसतात ते बघायचं. आणि सिंथेटिक बायॉलॉजी म्हणजे नवा दात करून त्या तोंडात बसवणं. आम्ही डीएनएचा तुकडा आमच्या मनाप्रमाणे जुळवतो, जिवाणूच्या पोटात घालतो, आणि त्याचं तोंड मिटतंय का बघतो. बहुतेक वेळा मिटत नाही. वर्गात हे मी असं सांगितलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले. कुणाची आई कवळ्या बनवते हे त्यांना खरं वाटेना. त्यांना वाटत होतं कवळ्या कुठल्यातरी कारखान्यात होतात.

मी मात्र शाळा म्हणून पहिल्यांदा पाहिलं ते तुझं टेबल. बाबा गेले, पाठोपाठ माझी फुप्फुसं बिघडली आणि डॉक्टरांनी मला इतर मुलांत सोडू नका म्हणून सांगितलं. मग तू मेण वितळवायचीस आणि मी समोर बसून पाढे म्हणायचे. अक्षरं मी दंतवैद्यांच्या चिठ्ठ्यांवर शिकले. "सुळा" मला "ससा"च्या आधी लिहिता यायला लागला. तुझा चिमटा हातात द्यायचं काम माझं, म्हणून माझं नाव चिमटी पडलं. आणि सगळं धुवायचं. परक्या माणसाच्या तोंडातून आलेला प्रत्येक ठसा तीनदा धुवायचा, धुतलेला पुन्हा उजेडात धरून बघायचा, मग आपले हात, मग ज्या नळाला हात लावला तो नळ. तू ओरडून कधी सांगितलं नाहीस. तू नुसती माझ्या हातांकडे बघायचीस. तुला ठशांची काळजी होती की माझ्या छातीची, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

त्या टेबलापाशी तिसरं कुणी असेल तर ते खिडकीच्या जाळीबाहेर उभे असलेले पेटीवाले काका. दवाखान्यांतून ठसे गोळा करून आणायचे, तयार कवळ्या घेऊन जायचे. माझ्या छातीमुळे त्यांना आत यायची बंदी. पेटी पायरीवर ठेवून दोन पावलं मागे सरायचे, आणि तू पेटी पुसून उघडेपर्यंत माझी परीक्षा घ्यायचे. "काय चिमटाबाई, आज काय शिकलात?" मी म्हणायचे, भागाकार. "मग हे भागा बघू. बारा दात, तीन माणसं, आणि त्यातला एकजण सांगतोय की त्याचे सगळे दात शाबूत आहेत." मी खरंच पाटी घेऊन बसायचे आणि रडकुंडीला यायचे. तू आतून म्हणायचीस, "पोरीला उगाच कोड्यात घालू नका हो." आणि ते म्हणायचे, "बाई, कोड्यात तर मी आहे, हा ठसा माणसाचा आहे की घोड्याचा, तुम्हीच सांगा." तू हसायचीस. तुझं ते हसणं इतर वेळी मी ऐकलेलं नाही. आत्ता लिहिताना पुन्हा नीट आठवून पाहिलं. नाहीच ऐकलेलं.

आता माझ्या कामाचं. माझ्या जिवाणूंनी प्रकाशायचं होतं, पण एकेकट्याने नाही. समुद्रात राहणाऱ्या एका जिवाणूची ही युक्ती आम्ही उसनी घेतली आहे. प्रत्येक पेशी आजूबाजूच्या पाण्यात एक बारीकसा रासायनिक निरोप सोडत असते: मी इथे आहे. पेशी थोड्या असल्या की निरोप विरळ, कुणालाच कळत नाही. गर्दी झाली की निरोप दाट होतो, आणि मग सगळ्या एकदम हिरव्या प्रकाशायला लागतात. एकट्या पेशीतही सगळं सामान असतं, ती फक्त वाट बघते. मी हे सामान आमच्या प्रयोगशाळेतल्या साध्या जिवाणूत बसवलं. पेशी वाढायच्या, नळी दुधासारखी गढूळ व्हायची, गर्दी म्हणावी तेवढी व्हायची, आणि प्रकाश शून्य. मॅडम म्हणाल्या डीएनए तपास. तपासला, एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. म्हणाल्या नव्याने जुळव. जुळवला, पुन्हा अंधार. सगळ्यांसमोरच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "इतकं स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही, आणि इतकं अंधारं उत्तरही नाही." त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं असावं. मी खोलीवर येऊन ते वाक्य दोन्ही बाजूंनी उलटून बघत बसले.

आमच्या गटात एक मुलगा आहे. तो पेशींना कधी हात लावत नाही, नुसती त्यांची समीकरणं मांडतो. मनातल्या मनात मी त्याला गणितबुवा म्हणते. तोंडावर अजून काहीच म्हणत नाही. त्याच्या समीकरणात माझ्या पेशी केव्हाच पेटलेल्या होत्या, त्यामुळे तोही हैराण होता. तुझा फोन येऊन आठवडा झाला असेल, तेव्हा एक दिवस तो स्टूल घेऊन माझ्या टेबलाशी आला. "आज मी नुसता बघणार. चालेल ना?" मला चालत नव्हतं, पण मी चालेल म्हणाले. मोजणीची वेळ झाली. मी नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवल्या, पेशी तळाशी बसल्या, वरचं पाणी ओतून दिलं, पेशी तीनदा विसळल्या, ताजा पोषक द्राव घातला आणि मोजणीला ठेवल्या. "हे काय केलंस?" तो म्हणाला. मी म्हटलं, धुतल्या. "आज काही सांडलं होतं का?" नाही, मी दर मोजणीआधी धुते. "दर? पद्धतीत तर धुणं एकदाच लिहिलंय, सुरुवातीला. आणि तुझ्या नोंदीतही हे कुठे दिसलं नाही." मी म्हटलं, हात धुतले हे कुणी लिहून ठेवतं का? "अगं बाई," तो म्हणाला, "त्या बिचाऱ्या पाण्यात निरोप सोडतायत आणि तू दर तासाला येऊन सगळी टपालपेटीच मोरीत ओततेस." मी म्हटलं, शिळं पाणी होतं ते. "त्या शिळ्या पाण्यातच तर सगळं आहे!"

आणि तो हसायला लागला. दुष्टपणे नाही, पण इतका की स्टुलावरून उतरून त्याला भिंतीला टेकावं लागलं. मग माझा चेहरा पाहून एकदम थांबला, आणि म्हणाला, "चल, चहा घेऊ." मी नको म्हणाले. सवयीने. तो "बरं" म्हणून स्टूल उचलून निघून गेला. त्याने आणखी एकदा विचारलं असतं तर मी गेले असते, पण हे त्याला कळणार कसं? शीतखोलीत जाऊन मी थोडा वेळ उभी राहिले. तिथे पंख्याचा आवाज मोठा असतो, त्यामुळे नाक ओढलेलं बाहेर ऐकू जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी नळ्यांना हात लावला नाही. खरंच सांगते, हात मांडीखाली दाबून बसले होते. पाणी शिळं होत होतं, मला दिसत होतं, आणि मी ते होऊ दिलं. दुपारी पडदे ओढून निळ्या दिव्याखाली नळ्या धरल्या, आमचा हिरवा त्याच्याच उजेडात दिसतो. आई, सगळ्याच्या सगळ्या हिरव्या. फिकटही नाहीत, चांगल्या ठसठशीत, माझी बोटं त्या उजेडात दिसत होती. गणितबुवा त्या दिवशी आला नव्हता. मॅडम परगावी. मी नळ्या हातात घेऊन खोलीभर पाहिलं, कुणाला दाखवू म्हणून. मग फोन काढला, तुझं नाव उघडलं आणि फोन ठेवून दिला. तू "वा ग माझी चिमटी" म्हणाली असतीस, पुढे आपण दोघी गप्प झालो असतो, आणि त्या शांततेत तुझा प्रश्न पुन्हा वर आला असता. वर्षभरातली सगळ्यात चांगली गोष्ट घडली आणि ती मी तुला सांगू शकले नाही. नळ्यांचा फोटो काढला, तोही धूसर आला.

यातून मी काही बोध काढत नाहीये. जिवाणूंना एकटं वाटत नाही, आणि असल्या उपमा दिल्या की मॅडम भयंकर चिडतात. पण त्या दिवसापासून मला छळतंय ते हे, की गप्प राहून मी नक्की काय धुवून काढत होते?

आधी मी काकांमधले दोष शोधले. प्रामाणिकपणे शोधले. मोठ्याने हसतात. पायरीवर शीळ घालतात. एकच विनोद दोन-दोन वर्षं चालवतात. याच्यापुढे यादी सरकेना. मग लोक काय म्हणतील हे आठवून पाहिलं, पण तू तर म्हणायचीस, "अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं आणि त्यातल्या एकालाही मी दिसत नाही." मग ते म्हणणार तरी काय, आणि कुणाला? शेवटी राहिलं ते सांगते. तू फोन केलास त्याच दिवशी सकाळी मॅडमनी मला पीएचडीसाठी इथेच थांबशील का म्हणून विचारलं होतं. पुढची चार-पाच वर्षं. मी तिथल्या तिथे हो म्हणाले. संध्याकाळी तुला कसं सांगायचं याची मी दिवसभर तालीम करत होते. आई एकटी कशी राहील, हे वाक्य मनात इतक्यांदा म्हटलं की डोळ्यांत पाणीही आणून झालं होतं. आणि तुझा फोन आला तो हा. तू एकटी राहणार नाहीस हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. पायाखालची जमीन सरकली. मी इतके दिवस समजत होते की तुझं एकटेपण ही माझी काळजी आहे. ती काळजी नव्हती, आई, तो माझा आधार होता. इथे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. निदान एका घरी माझी खुर्ची रिकामी आहे आणि तिच्याकडे बघणारं माणूस आहे, यावर मी दिवस काढत होते. तू त्या खुर्चीकडे बघत बसावंस, म्हणून मी तुला उत्तर देत नव्हते.

आणखी एक गोष्ट. माझी फुप्फुसं केव्हाच बरी झाली. मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, पावसात भिजले, आणि काका मात्र जाळीबाहेरच उभे राहिले. पेटी पायरीवर, दोन पावलं मागे. आता आत या, असं त्यांना कुणी म्हटलंच नाही. तू माझ्याकडे बघून थांबलीस आणि मला ते सुचलंच नाही. ते कधी विचारायलाही आले नाहीत. एवढ्या वर्षांनी विचारलं, तेही मी दूर गेल्यावर, आणि तेही माझी परवानगी असेल तर.

तर माझं उत्तर हो. कर लग्न. मला जमलं तर येईन, आणि नाही जमलं तरी थांबू नकोस. मी हो म्हणाले म्हणून तू हो म्हणालीस असं मात्र त्यांना सांगू नकोस, तुझं तू सांग. एवढं फोनवरही बोलता आलं असतं आणि तुझा जीव इतके दिवस टांगणीला लागला नसता. पण फोनवरून पाकीट पाठवता येत नाही. या कागदाच्या घडीत माझी घराची किल्ली आहे. आपल्या घराला दोनच किल्ल्या, एक तुझ्याकडे आणि दुसरी ही, इथे येताना मी बरोबर आणलेली. ती काकांना दे. बाजारात नवी करून मिळते हे मलाही कळतं, पण ती तुम्ही करून घेतलेली असेल. ही मी दिलेली असेल. सुट्टीत येईन तेव्हा मी बेल वाजवीन. उघडायला तूच आली पाहिजेस असं काही नाही.

तुझीच,
चिमटी